आकड्याने सुरू होणारी चौकट

"चालतंय का नाही, तेवढंच सांगा सर," संस्थेचे चिटणीस म्हणाले.

मुलाखतीच्या खोलीत पडद्यावर साईनाथने केलेलं वेबपान होतं. डाव्या चौकटीतल्या दुव्यावर, म्हणजे लिंकवर, टिचकी मारली की उजव्या चौकटीत चित्र मुकाट्याने उघडत होतं.

"चालतंय," रत्नदीप म्हणाला, "पण चुकीचं हाय... आहे."

त्या 'हाय'वर चिटणीस गालात हसले.

रत्नदीप कर्जतजवळच्या त्या कॉलेजात चौदा वर्षं तासिका तत्त्वावर संगणक शिकवत होता. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे धनी, सुट्टी लागली की घरी. आता एक कायम जागा निघाली होती. रत्नदीपचं वय चव्वेचाळीस, म्हणजे पुढची जागा काही त्याच्या वाट्याची नव्हती. दुसरा उमेदवार एकच, साईनाथ. त्याचाच विद्यार्थी आणि चिटणीसांचा सख्खा भाचा. मुलाखत शोभेची आहे हे शिपायालासुद्धा कळत होतं. रत्नदीपला कळत नव्हतं. हुशार माणसं अशीच असतात.

त्याचा लिहिलेल्यावर विश्वास होता. पोशीर गावी त्याचे वडील कोंडीराम जन्मभर एकच सांगत आले, "तोंडाचा नियम त्यांचा रं, लिवलेला आपला." विहिरीच्या पाण्यापासून पोराच्या प्रवेशापर्यंत सगळं त्यांनी कागद दाखवूनच मिळवलं होतं.

आणि इथेही लिहिलेलं होतं. पानाचे तुकडे करून चौकटी केल्या की प्रत्येक चौकटीला नाव द्यायचं आणि दुव्याने त्या नावाने हाक मारायची. नाव अक्षरानेच सुरू झालं पाहिजे, नाहीतर ब्राउझरने त्याकडे दुर्लक्ष करावं, असं वेबपानांच्या जुन्या प्रमाण नियमांत स्वच्छ म्हटलं होतं. बाहेरच्या जगाने या चौकटी कधीच मोडीत काढल्या. इथल्या अभ्यासक्रमात मात्र त्या होत्या आणि नियमही तोच होता. साईनाथने आपल्या चौकटींना १, २, ३ अशी नावं दिली होती. ब्राउझरने ती निमूट चालवून घेतली.

"म्हणजे ब्राउझर चुकतो?" पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं.

"हो."

"सगळेच?"

"सगळेच, सर."

"जग एकीकडं आन् आमचे सर एकीकडं," चिटणीस म्हणाले. सगळे पोटभर हसले.

साईनाथही खोलीतच बसला होता. दोघांना एकत्र बोलावणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. "मामा, ह्याच्यावरनंच सरांनी माझे चार मार्क कापले होते," तो म्हणाला.

रत्नदीपने पिशवीतून नियमाची छापील प्रत काढली आणि त्या ओळीखाली रेघ मारून पुढे सरकवली. तज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते. चिटणीसांनी कागद न वाचताच आपल्या चहाच्या कपाखाली ठेवला.

"सर, ज्याचं चालतं त्याचं बरोबर," ते म्हणाले. "या तुमी."

साईनाथ कायम झाला. रत्नदीपच्या पुढच्या वर्षाच्या तासिका आता साईनाथच्या सहीवर होत्या. पहिल्याच आठवड्यात साईनाथ म्हणाला, "सर, तास तुमीच घ्या. मी मागं बसतो. तुमच्यावर रिपोर्ट द्यायचाय मला."

रत्नदीपने फळ्यावर चौकटी काढल्या. पहिल्या बाकावरच्या सुरभीने हात वर केला. "सर, नावात पहिला आकडा घेतला तर चालंल का?"

मागच्या बाकावर साईनाथ पेन उघडून बसला होता. रत्नदीपला फार लाज वाटली, आणि घरी वाट बघत बसलेले वडील आठवले.

"चालतं," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा, सर," मागून साईनाथ म्हणाला. "इथवर ऐकू येत नाय."

रत्नदीपने मोठ्याने सांगितलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.