कोळशाच्या रेघा

सून कामचुकार आहे, हे नान पेत्रोनिलाचे तोतोनिकापान गावच्या बाजारात सगळ्यांना सांगून झाले होते. मक्याची भाकरी थापायला हात चांगला, गिऱ्हाइकाशी बोलायला जीभ चांगली, पण महिना भरत आला की हेर्मेलिंदाला धाप लागायची. चार दिवस. तव्यापुढून उठायची आणि भिंतीला टेकून, तोंड उघडे टाकून बसायची. पाचव्या दिवशी ठणठणीत.

"दुखणं कधी असं वार बघून येतं होय?" पेत्रोनिला म्हणायची.

"नान, मी मुद्दाम करते का?" थोरल्या बाईला तिथे नानच म्हणत.

"मुद्दाम नाही, सवयीनं करतेस."

उपाय मात्र ती कधी चुकवत नसे. ते दिवस आले की बाईने वाफघरात बसायचे, ही तिच्या आईची रीत. अंगणातल्या त्या बुटक्या मातीच्या खोलीत ती स्वतः लाकडे पेटवायची, तापल्या दगडांवर पाणी मारायची, सुनेला रांगत आत घालायची आणि दाराला घोंगडी लावायची. हेर्मेलिंदा बाहेर यायची ती ओठ निळे घेऊन.

"निघाली अंगातली थंडी," पेत्रोनिला म्हणायची.

यंदा तिने पुरावाच धरला. चर्चमधून मिळालेल्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी सून तव्यापुढून उठली त्या दिवशी कोळशाची एक रेघ. अक्षर येत नसले म्हणून काय झाले, रेघ तर येते. सात महिने भरल्यावर तिने कॅलेंडर गुंडाळले आणि सुनेला पुढे घालून आरोग्यकेंद्र गाठले. तिथली नर्स सेनाइदा गावचीच, पेत्रोनिलाच्या भाकऱ्यांवर वाढलेली.

"तूच बघ बाई. आणि हिला जरा समजाव."

सेनाइदाने पाने उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग हेर्मेलिंदाच्या कानाशी लागून काही विचारले. तिने मान हलवली.

"नान, या रेघा कुणी काढल्या?"

"मी. खोट्या वाटत असतील तर शेजारणीला विचार."

"खोट्या नाहीत. दुखण्याचे दिवस लिहून ठेवा, असं डॉक्टर सांगून सांगून थकतात, पण कुणी आणून देत नाही." सेनाइदाने पान तिच्यापुढे धरले. "चुलीच्या धुरानं हिची छाती आधीच खराब झालीय. त्यात पाळीच्या तोंडावर बाईच्या अंगातले हार्मोन एकदम उतरतात. ते उतरले की काहीजणींच्या श्वासनळ्या आवळतात. दर महिन्याला, याच दिवसांत. तुम्हालाही धुराचा खोकला आहेच, तो कधी लागला?"

"म्हातारपणी."

"पाळी गेल्यावर, हार्मोन कायमचे उतरल्यावर ना?"

पेत्रोनिला कॅलेंडर गुंडाळू लागली.

"हा औषधाचा पंप रोज तोंडानं ओढायचा. चूल उघड्यावर मांडा. रेघा चालू ठेवा. आणि वाफघर बंद. असल्या छातीला त्या धुरात कोंडलं तर एखाद दिवशी श्वास परत यायचा नाही." सेनाइदाने कागद पुढे ओढला. "घरात आधी कुणाला असं व्हायचं?"

"नाही," पेत्रोनिला म्हणाली.

फेर्मिना ही तिची लेक. गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सेनाइदा तेव्हा रांगत असेल. फेर्मिनालाही दर महिन्याला चार दिवस धाप लागायची. तिलाही आळशी म्हणून झाले होते. शेवटच्या वेळी ती वाफघराच्या आतून घोंगडीवर हात मारत होती आणि पेत्रोनिला बाहेरून म्हणाली होती, नाटकं पुरे, अजून घाम निघू दे. गाव म्हणाले, देवाची मर्जी. तीही तेच म्हणत आली.

परतीच्या चढावर हेर्मेलिंदा दोनदा थांबली. पेत्रोनिलाही थांबली. आत काहीतरी हलेल, अशी तिने वाट बघितली. काही हलले नाही. चुन्यात भिजवलेला भाकरीचा मका धुवायचा राहिलाय, एवढेच आठवत होते.

घरी येऊन तिने वाफघरात रचलेली लाकडे एकेक करून बाहेर काढली. दाराची घोंगडी उतरवली, झटकली, घडी घातली. अंगणात तीन दगड मांडून त्यांवर तवा ठेवला. सून मदतीला उठली.

"बस."

"नान, आज जमेल मला."

"बस म्हटलं ना."

कॅलेंडर तिने पुन्हा खिळ्याला अडकवले. चुलीतला कोळसा घेऊन आजची रेघ ओढली आणि भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली,

"तू कामचुकार नाहीस, हेर्मेलिंदा. फेर्मिनाही नव्हती."