नवमीला मांडलेली कात्री

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक कात्री मनात आणा. तुमच्या दप्तरातली नव्हे. हातभर लांब, काळ्या लोखंडाची, बोटं फिरून फिरून दांडे गुळगुळीत झालेली. आता ती एका बंद फाटकाच्या आत आहे आणि तिचा धनी बाहेर उभा आहे, असं समजा.

धनी म्हणजे रंगराव. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात तीन पिढ्या शिवणकाम केलेल्या घरातले. इस्पितळांचे गणवेश शिवणाऱ्या, दोन हजार माणसांच्या कारखान्यात ते बावीस वर्षं कटिंग मास्तर होते. कापडाचे थर यंत्र कापायचं. पण प्रत्येक गणवेशाचा पहिला नमुना रंगरावांच्या कात्रीनेच कापला जायचा.

नवरात्रातल्या नवमीला आयुधपूजा, म्हणजे हत्यारांची पूजा. त्या दिवशी कात्री कारखान्यातल्या पाटावर मांडायची, कुंकू लावायचं आणि दशमीपर्यंत हात लावायचा नाही. दशमीला सुट्टी असली तरी सकाळी येऊन मुहूर्ताचा एक काप घ्यायचा. २०१८ सालच्या दशमीला तो काप बघायला नऊ वर्षांची नात कमलाक्षी कुंकू-फुलांची पुडी घेऊन आजोबांबरोबर आली होती.

फाटकाला कुलूप होतं. बाजूला कारखान्याचे हिशेबनीस जगन्नाथराव दाढी वाढलेल्या चेहऱ्याने उभे होते.

"अय्यो! दशमीला कुलूप कसलं, जगन्नाथराव?"

"कारखाना बंद झाला, रंगराव."

"सुम्ने, उगाच चेष्टा करू नका हो. वीस हजार गणवेशांचं काम पडलंय आत!"

"काम आहे. पैसा नाही."

"काम असलं तर पैसा कसा नाही, मामा?" कमलाक्षीने विचारलं.

जगन्नाथराव तिच्यापुढे उकिडवे बसले. "कापड, पगार आधी लागतात बाळ, इस्पितळं पैसे देतात मागाहून. म्हणून आपली कंपनी तीन महिन्यांच्या मुदतीचा कर्जाचा कागद लिहून देते, आणि लोकांचे पैसे सांभाळणारे मोठे फंड त्यावर तिला पैसे देतात. मुदत संपली की नवा कागद द्यायचा, त्या पैशांत जुना फेडायचा. सहा वर्षं चाललं."

"मग?"

"मुंबईची एक बडी कंपनी गेल्या महिन्यात देणं फेडू शकली नाही. लोक घाबरले, फंडांतले पैसे मागायला लागले. फंडाने लोकांना द्यायचं की आपला नवा कागद घ्यायचा? नाही घेतला. परवा मुदत संपली. बँकेनेही हात आखडला."

"चूक त्यांची अन् कुलूप आम्हांला?" रंगराव उसळले. "कोण हो ते भित्रे, पळत जाऊन पैसे काढणारे?"

जगन्नाथराव उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आपला कागद कोणता फंड घ्यायचा, ठाऊक आहे? ज्याचा फॉर्म मी तुम्हांला भरून दिला होता, तोच."

 तीन आठवड्यांपूर्वी टीव्हीवरची बातमी ऐकून रंगरावांनीच घाईघाईने त्या फंडातले आपले दोन लाख काढले होते. पैसे खात्यात आले त्या दिवशी त्यांनी कारखान्यात म्हैसूरपाक वाटला होता. 'मी वाचलो, तुम्हीही काढा,' असं अकरा जणांना सांगितलंही होतं.

"म्हणजे... मीच?"

"तुमच्या दोन लाखांनी काय होतंय? मोठमोठ्या कंपन्यांनी कोटींनी काढले. पण त्या रांगेत तुम्ही होता. मीही होतो."

रंगराव फाटकाला टेकले. "माझी कात्री तरी द्या. माझ्या अज्जाची, आजोबांची आहे ती."

"आतली सुईसुद्धा हलवू नका, असा बँकेचा निरोप आहे. आधी यादी होणार. कात्री तुमची म्हणून मी लिहून देईन. कधी मिळेल ते मात्र सांगता येत नाही."

 रंगरावांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं कात्री चालवल्यासारखी आपोआप उघडत होती, मिटत होती.

कमलाक्षी ते बघत राहिली. मग तिने आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातला मापं आखायचा खडू काढला. फाटकाच्या काळ्या पत्र्यावर तिने हातभर लांब कात्री काढली. एका दांड्याचं कडं आजोबांचा अंगठा मावेल एवढं मोठं काढलं. पुडीतलं कुंकू त्या कात्रीला लावलं, फाटकाच्या कडीत एक फूल खोवलं, आणि आजोबांना समोर उभं राहता यावं म्हणून ती थोडी बाजूला सरकली.