बारा किलोंचा सराव

बाथरूमच्या दुरुस्तीतून उरलेलं अर्धं पोतं सिमेंट नंदकिशोरांनी बाल्कनीत ओढून आणलं, तेव्हा मृणालिनीबाईंनी विचारलं, "कुंड्या करताय?"

"डंबेल," नंदकिशोर म्हणाले.

"कोणासाठी?"

प्रश्न अगदी भाबडेपणाने विचारलेला होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

नंदकिशोर चौसष्ट वर्षांचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मुलुंड पूर्वेला बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे. घरचा गणपती पाटावर घेऊन तीन जिने चढायचं काम बत्तीस वर्षं त्यांचं होतं. दीड फुटी शाडूची मूर्ती, पाटासकट बारा किलो. रिक्षा फाटकाशी थांबली की तिथून मखरापर्यंत पाट कुठेही टेकवायचा नाही, हा वडिलांपासूनचा नेम. गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले, आणि मागून चढणाऱ्या शौनकने, त्यांच्या मुलाने, काही न बोलता पाट आपल्या हातात घेतला. नंतर घरात त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. कोणी थट्टा केली असती तर परवडलं असतं. पण सगळे समजूतदारपणे गप्प बसले, तेव्हाच नंदकिशोर मनातून हबकले. वडिलांच्या हातातला पाट त्यांनी असाच एकदा घेतला होता, आणि तो वडिलांकडे परत कधी गेला नव्हता.

जिमचा पर्याय त्यांनी पाहिला होता. नाक्यावरच्या जिममध्ये डोकावले, तर काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, "अंकल, सीनियर सिटिझन्सचा योगा मंगळवारी असतो." नंदकिशोर तिथून निघाले ते थेट घरी येऊन मोबाइलवर घरच्या घरी डंबेल बनवायचे व्हिडिओ बघत बसले.

त्यानंतर बाल्कनीचा कारखाना झाला. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये वाळू भरून डंबेल झाली. रंगाच्या दोन डब्यांत सिमेंट ओतून, मधे नळाचा जुना पाइप रोवून आडवी दांडी तयार झाली. शौनकच्या, परदेशी जाताना बॅगा तोलायच्या काट्याने तिचं वजन अठरा किलो दाखवलं, तेव्हा नंदकिशोरांनी तिचा फोटो काढला. आता पाटावर ठेवायला, पाटासकट नेमकं बारा किलो भरेल असं काहीतरी हवं होतं. त्यासाठी त्यांनी एक स्टीलचा डबा साचा म्हणून घेतला. आतून तेलाचा हात फिरवायचा असतो, हे व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं, आणि नंदकिशोरांनी व्हिडिओ त्याआधीच बंद केला होता. सिमेंट डब्यात बसलं ते बसलंच.

"माझा चिवड्याचा डबा!" मृणालिनीबाई म्हणाल्या.

"नवीन आणतो."

"नवीन नको. त्याचं झाकण नीट लागायचं."

झाकण लावून तो डबा पाटावर चढला. जिन्यातला सराव सुरू झाला आषाढात, दुपारी तीन वाजता, इमारत झोपलेली असताना. कोणी बघू नये म्हणून डब्यावर टॉवेल टाकलेला. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या नीलमने कुरिअर घ्यायला दार उघडलं, आणि समोर नंदकिशोर. हातात पाट, पाटावर कापडाने झाकलेलं दीड फुटी काहीतरी, चेहऱ्यावर घामाचे ओघळ.

"अगंबाई काका, बाप्पा? आषाढातच?" म्हणत तिने पायातल्या चपला काढल्या नि हात जोडले.

हो म्हणावं तर धडधडीत खोटं. नाही म्हणावं तर चिवड्याचा डबा टॉवेलखाली घालून आपण जिने का चढतोय, हे सांगणं आलं. बोलायला दमही उरला नव्हता. नंदकिशोरांनी दोन्ही अर्थ निघतील अशी मान हलवली. तेवढ्यात नीलमने आतून जास्वंदीचं फूल आणून टॉवेलवर वाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "गणपती बाप्पाऽऽ"

"मोरया!" नंदकिशोरांच्या तोंडून निघून गेलं. बत्तीस वर्षांची सवय, काय करणार.

तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर दर्शनाला दारात हजर. मृणालिनीबाईंनी उंबऱ्यातच सांगितलं, "अजून रंगकाम व्हायचंय." दार लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओटा धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. नंदकिशोरांनी ते फूल मात्र टाकलं नाही, तुळशीत ठेवलं.

काही असो, सराव लागू पडत होता. श्रावण संपता संपता ते तिन्ही जिने न थांबता चढायला लागले. हातही थरथरत नव्हते. त्यामुळे गणपतीच्या आधीच्या रविवारी शौनक ठाण्याहून मखर लावायला आला, तेव्हा त्यांच्या अंगात जरा जास्तच बळ होतं.

हॉलच्या मधोमध पडलेली दांडी पाहून शौनक म्हणाला, "बाबा, हे काय केलंयस? कमरेची वाट लागेल यार. यंदा मी आणतो ना बाप्पा."

"आधी ही उचलून दाखव."

शौनक कमरेत वाकला, दांडी गुडघ्यापर्यंत आणली आणि "आई गं" करून तिथेच थांबला. "असं नाही रे, गुडघ्यातून!" म्हणत नंदकिशोर दाखवायला पुढे झाले. हसू आवरत नव्हतं, त्या हसण्यातच दांडी उचलली आणि डाव्या कुशीत अशी कळ गेली की खाली बसवेना. पाच मिनिटांनी बापलेक दिवाणावर शेजारी शेजारी आडवे होते, आणि दोघांत मिळून गरम पाण्याची पिशवी एक. दोघांच्याही कमरेत उसण भरली होती. डॉक्टरांनी फोनवर आठवडाभर वजन उचलायला बंदी केली. गणपती बुधवारी.

"श्यामसुंदर काकांना सांगू या," शौनक म्हणाला.

मुलाच्या हातात जाऊ नये म्हणून धडपडलेला पाट आता सेक्रेटरीच्या हातात जाणार होता. नंदकिशोरांना खरोखर रडू येईलसं वाटलं.

"पाय वर घ्या," म्हणत मृणालिनीबाई बादली आणि फडकं घेऊन आल्या. दिवाणापुढची दांडी त्यांनी गुडघ्यांत वाकून उचलली, टीव्हीजवळ ठेवली, खालची लादी पुसली, दांडी पुन्हा होती तिथे आणून ठेवली. श्वास फुलला नाही की काही नाही.

"अगं, अठरा किलो आहे ती!" नंदकिशोर ओरडले.

"असेल. रोज दोनदा उचलते. तुम्ही आठवड्यातून तीनदा उचलता आणि मधेच टाकून जाता. खाली पुसायला नको?"

"आणि तो डबा?" शौनकने विचारलं.

"तो एका हाताने."

शौनक वेदना विसरून हसला. "मग आई, तूच आण ना बाप्पा."

"बायकांनी आणू नये असं काही नाही," नंदकिशोर घाईने म्हणाले, जणू तसं कोणी म्हटलंच होतं.

"मला कुठे कोणी विचारलंय इतकी वर्षं," मृणालिनीबाई फडकं पिळत म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

नंदकिशोरांना लाज वाटली. पाट आपल्याकडून कोण घेईल, याची त्यांनी वर्षभर धास्ती घेतली होती. तो आणखी कोणाला हवा असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आणशील?" त्यांनी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

बुधवारी मृणालिनीबाई जरीच्या साडीचा पदर खोचून फाटकापासून निघाल्या. मागे कमरेला पट्टा बांधलेले नंदकिशोर झांज वाजवत, त्यांच्यामागे कठडा धरून शौनक. दुसऱ्या मजल्यावर नंदकिशोरांनी श्वास रोखला. मृणालिनीबाईंनी तिथे पाट जरा सावरला आणि दारात हात जोडून उभ्या असलेल्या नीलमला विचारलं, "मोदकांना तांदळाची पिठी पुरली का गं?" आणि पुढे चढल्या.

आपल्या दाराशी येऊन मात्र त्या थांबल्या. बाप्पा घेऊन येणाऱ्याच्या पायांवर उंबऱ्यात दूध-पाणी घालायचं आणि मग ओवाळून आत घ्यायचं. ते काम घरातल्या बाईचं, आणि घरातली बाई तर पाट घेऊन उभी. आत कोणी तांब्याही भरून ठेवला नव्हता.

"अहो," मृणालिनीबाई म्हणाल्या, "मी उभी राहीन हवं तर. बाप्पाला किती वेळ ताटकळत ठेवायचं?"

नंदकिशोर लगबगीने आत गेले, फ्रीज उघडून तांब्यात दूध ओतलं, नळाचं पाणी मिसळलं आणि बाहेर आले. चौकट धरून, एक एक गुडघा सावकाश मोडत ते खाली वाकले. समोर जोडवी होती, भेगाळलेल्या टाचा होत्या. दरवर्षी आपल्या पायांवर हे पाणी घालायला तिला इतकं वाकावं लागत होतं, हे त्यांना आज कळलं. त्यांनी तांब्या हळूहळू रिकामा केला.

"गार आहे हो," मृणालिनीबाई वरून म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी कोमट करीन," नंदकिशोर म्हणाले.