साफ केलेला आवाज

मित्रांनो, तलवाड्यातल्या एका पत्र्याच्या खोलीत टेबलावर कापडाखाली झाकून ठेवलेला जुना संगणक मी. बीडच्या एका शिकवणी वर्गात मी सात वर्षे मुलांना टंकलेखन शिकवले. वर्ग बंद पडला, तेव्हा ऊसतोड करणाऱ्या शहादेव आप्पांनी मला एसटीत मांडीवर घेऊन घरी आणले. त्यांची मुलगी दिपाली विज्ञान शिकत होती आणि गिटार वाजवत होती.

ती एक छोटा तुकडा वाजवी. मी तो टिपून पडद्यावर त्याची लाट दाखवी. लाटेची दोन्ही टोके ती नेमकी कापून जुळवी, की तोच तुकडा न अडखळता फिरत राही. त्याला लूप म्हणतात.

आप्पा दारात कोयत्याला धार लावत बसत.

"तेच तेच कितींदा वाजवतीस गं? पुढचं येत न्हाई का?"

"आप्पा, गप बसा की! समदं रेकॉर्ड हुतंय."

"हू दे. माझं बी नाव यील गाण्यात."

मग दिपाली त्यांचे बोलणे निवडून पुसून टाकी. माझ्यात जागा कमी, म्हणून ती मूळ फाइलीवरच नवी जतन करी. "लई साफ झालं!" ती म्हणे. त्या कौतुकाने मी फुलून जाई.

दसरा झाला. आप्पा आणि दिपालीची आई भामाबाई ऊसतोडीला कारखान्याला गेले. दिपाली कॉलेजसाठी मागे राहिली. पौषात उसाची ट्रॉली उलटली, आणि भामाबाई एकट्याच परतल्या.

आप्पा तिकडून रोज फोनवर बोलत. पण त्यांचे बोलणे कुणीच टिपून ठेवले नव्हते. दिपालीला एकदम मी आठवलो. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम तिने तीन दिवस चालवला. पण त्या जागेवर मी केव्हाच नवे लूप लिहून बसलो होतो.

"घावला का गं आवाज?" भामाबाईंनी विचारले.

"न्हाई, आई. मीच काढला समदा."

भामाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मग त्ये वाजवणंच लाव. तवा त्ये हितंच बसलेलते."

दिपालीने लूप लावला. दोघी कान देऊन ऐकत राहिल्या. गिटार फिरत राहिली, स्वच्छ, एकही ओरखडा नसलेली. इतके निर्दोष काम मी पुन्हा कधी केले नाही.

मित्रांनो, कापाकापी करण्याआधी मूळ ध्वनिमुद्रण वेगळ्या नावाने जपून ठेवा. गोंगाट कोणता आणि माणूस कोणता, हे आम्हा यंत्रांना कळत नाही. आम्ही सांगाल ते पुसतो.