तीन व्होल्ट

उदेभानने व्होल्टेज जुळवायचा प्रिसेटचा पेच जरासा डावीकडे फिरवला. मीटरवर तीन पॉइंट चार होते. हवे होते तीन. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा," रूपेश म्हणाला, "आई नाही राहिली."

उदेभानने पेचकस खाली ठेवला. मग उगाच परत उचलला.

त्याची बायको भागीरथा चार दिवसांपासून गोंदियाला दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी तिने रेडिओसाठी दोन सेल मागितले होते. सेल लवकर संपत, आणि बाजारातला अडॅप्टर लावला की रेडिओ भुणभुण करी. "सेल कायले? मी लाइटीवरचा सप्लाय बनवतो," असे म्हणून उदेभान रूपेशला तिच्याजवळ बसवून कामठ्याला घरी आला होता.

सेल दवाखान्यासमोरच्या दुकानात मिळत होते.

तेरवी झाली, पाहुणे गेले, रूपेशही नोकरीवर गेला. उदेभान सकाळी उठून सप्लाय चालू करी आणि समोर बसे. तिसऱ्या दिवशी शेजारचा नंदलाल आला. त्याने ट्रान्झिस्टरमागच्या पत्र्याच्या हीटसिंकला बोट लावले आणि झटकन काढले.

"अबे, पोळलं ना! शॉर्ट होऊन राहिला का?"

"नाही."

"काही जोडलंच नाही, तं एवढा गरम काऊन?"

"जोडलं नाही म्हणूनच. रेडिओ लावला का त्याले लागते तेवढा करंट तो घेते. नाही लावला तं सारा ह्या ट्रान्झिस्टरलेच जाळा लागते."

"मंग लाव ना रेडिओ."

मीटरच्या काचेवरची धूळ उदेभानने अंगठ्याने पुसली.

नंदलाल बाजेवर बसला. "त्या सकाळी मी वार्डात गेलो होतो. वहिनी हासत होती. म्हणे, दोन सेल सांगतले, तं तुमच्या दोस्तानं कारखाना काढला."

उदेभानचा अंगठा थांबला.

"मी म्हटलं, वहिनी, मी आणतो सेल, हे समोरच तं दुकान हाय. तं म्हणे, नको भाऊ. त्याईले बनवू द्या. इथं बसून बसून तोंड सुकलं त्याईचं."

"अशी म्हणाली?"

"अशीच म्हणाली. चाय करतं का नाही? का तेबी मीच करू?"

"तूच कर."

नंदलाल आत गेला. भांडी वाजू लागली. उदेभानने स्विच बंद केला आणि खुंटीवरची पिशवी काढली. दवाखान्यातून आल्यापासून ती तशीच होती. लुगडे, स्टीलचा गिलास, खाली रेडिओ. स्टेशनचा काटा तिने ठेवला होता तिथेच होता. त्याने संपलेले सेल काढले, त्यांच्या खोबणीत सप्लायची काळी तार बसवली. लाल तार हातातच राहिली.

आतून नंदलालने साखर कुठे आहे म्हणून विचारले. उदेभानला ते माहीत नव्हते.

प्रिसेटचा पेच शेवटचा फिरवून बरोबर तीन व्होल्ट जुळवायचे ते रेडिओ चालू असताना. ते अजून राहिले आहे.