उलट्या आट्यांचा दरवाजा

पाणी धोक्याच्या खुणेला टेकलं होतं आणि धरणाचा जुनाट दरवाजा हलायचं नाव घेत नव्हता. तिथल्या अभियंत्याने बहिणीला फोन लावला. ती यंत्रांचा इतिहास शिकवायची. तो तिला ‘भंगारवाली’ म्हणून चिडवायचा.

“ताई, धरणाच्या या जुन्या दरवाजाचा नकाशा मिळेल कुठे?”

तिने जुन्या यंत्रांचं ऑनलाइन संग्रहालय उघडलं. पान उघडता उघडेना. अखेर स्कॅन केलेला नकाशा दिसला.

“अरे, दरवाजाच्या स्क्रूचे आटे उलटे आहेत! चाक उजवीकडे फिरव.”

“आम्ही डावीकडेच जोर लावतोय. तू चुकलीस तर दरवाजा कायमचा अडकेल. खाली अख्खं गाव आहे, ताई!”

“नकाशात स्पष्ट दिसतंय. फिरव!”

आधी नुसती करकर ऐकू आली, मग पाण्याची गर्जना. “उघडला, ताई!” तो हमसून रडत होता.