लाल थेंब

प्रयोगशाळेत धाकटीने काचेची पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि खुर्ची ताईकडे ढकलली.

"एक डोळा मिटू नकोस. दोन्ही डोळ्यांनी बघ."

ताईने बघितलं आणि बघतच राहिली. पेशीपेशीत लाल थेंबांची दाटी झाली होती, सोललेल्या डाळिंबासारखी.

"अगं बाई! हे काय?"

"चरबी. रंग दिलाय म्हणून लाल. आधी या पेशी दोऱ्यासारख्या बारीक होत्या. इन्सुलिन घातलं, तशा गोल होऊन भरायला लागल्या. तुझ्याच आहेत या, तुझ्या कातडीच्या तुकड्यातून वाढवलेल्या."

ताई ओशाळली. आई भरलेलं पिंप आणि पोर काडी, मग घास जातो कुणाच्या पोटात, असं सासूबाई पाहुण्यांदेखत विचारत. पोरीचं नावच काडी पडलं होतं. तेव्हापासून ताई चारचौघांत जेवत नसे. काडीला मात्र ती घास काऊचा, घास चिऊचा करत, प्रसंगी डोळे वटारून भरवत असे. पण आत्ता समोर जे दिसत होतं ते इतकं देखणं होतं, की ती लाजही विरून गेली.

"आता ही बघ. काडीची."

दुसऱ्या बशीतल्या पेशी बारीकच होत्या. लाल थेंब कुठेतरी एखादाच.

"हिच्यात इन्सुलिन घालायला विसरलीस तू."

"मलाही तेच वाटलं. मग पुन्हा केलं, शेजारी माणूस उभा करून. इन्सुलिन दारापर्यंत येतं, कडीही वाजते. पण निरोप आत पोहोचत नाही, म्हणून पेशी चरबीची होतच नाही."

"म्हणजे मी भरवण्यात कमी..."

"कमी नाही, ताई. जास्त." धाकटीचा आवाज उतरला. "ठेवायला जागा नाही, म्हणून ते सगळं तिच्या यकृतात साठतंय. आता बळेबळे भरवणं थांबव. नाहीतर यकृत दगा देईल."

ताईने पुन्हा पहिली बशी मागून घेतली. बराच वेळ ती डोळे लावून बसली.

"एवढीशी पेशी," ती पुटपुटली, "आणि केवढं सांभाळून ठेवते गं."

बाहेर बाकावर काडी पाय हलवत बसली होती. ताईने सवयीने डबा उघडून चमचा भरला. काडीने सुस्कारा टाकत, सवयीनेच, तोंड उघडलं.

"तुझं पोट भरलंय का गं?" मागोमाग आलेल्या धाकटीने विचारलं.

हा प्रश्न काडीला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने मावशीकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

चमचा मध्येच थांबला. मग ताईने तो वळवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत स्वतःच्या तोंडात घातला.

काडी आ वासून बघत राहिली. मग तिने चमचा हिसकावून घेतला, काठोकाठ भरला आणि आईसमोर धरला.

"हा मावशीचा," ती डोळे वटारून म्हणाली. "आ कर."